शून्य दाखवणारा मीटर

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

मी कान्हे फाट्याजवळच्या एका छोट्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. आज आमचे जुने इलेक्ट्रिशियन सलीमभाऊ यांनी दुरुस्तीसाठी पॅनल उघडलं. वीज बंद आहे ना, हे मीटर लावून तपासलं. मीटरने शून्य दाखवलं. त्यांनी हात घातला आणि झटक्याने मागे फेकले गेले.

जीव वाचला, बोटं भाजली. "लय जोरात बसला गं," एवढंच म्हणाले. 

त्या मीटरची तक्रार मी आधीच केली होती. तेव्हा आमच्या विभागाचे साहेब म्हणाले होते, "जरा ठोकला की चालतो." आणि आज म्हणतात, "सलीमने नीट बघायला नको का?"

अहो, त्यांनी बघूनच हात घातला होता!

मी मीटर खोलला. प्रोब, म्हणजे तपासायची टोकदार तार, बसते तिथलं सोल्डर, म्हणजे कथलाचा जोड, तडकलेलं, फिरवायचा स्विच आतून पार झिजलेला; म्हणूनच वीज असूनही तो शून्य दाखवत होता. सोल्डर नव्याने केलं. साहेब लगेच, "झाला ना? द्या मग."

"नाही देणार. स्विच बदलल्याशिवाय हा कुणाच्याच हातात जाणार नाही. आणि चांगला मीटर आल्याशिवाय आम्ही पॅनल उघडणार नाही."

मेंटेनन्सचे बाकीचेही माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मग दुपारी नवा मीटर आला.

पण सलीमभाऊंना अजून कुणी "चुकलं आमचं" म्हटलेलं नाही. तुमच्याकडेही हत्यार खराब निघालं, तर दोष ते धरणाऱ्यालाच देतात का?