जखमेतली लाळ

वन्यप्राण्यांच्या आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताना मी सगळ्यात जास्त काय केलं असेल, तर दुभाष्याचं काम. माझा प्रबंध होता गावकुत्र्यांच्या एका आजारावर. तो कुत्र्यांकडून वाघा-बिबट्यांना लागतो, म्हणून जंगलाशेजारच्या गावांतली कुत्री धरायची आणि त्यांचं रक्त घ्यायचं. पण आमच्या सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, माझ्या कुत्र्यांपेक्षा माझ्या जिभेचा उपयोग जास्त होता. मी गोंदियाची, आणि त्यांच्या लेखी गोंदियाची म्हणजे जंगलातली. आमचं घर मुर्रीत, शहराला चिकटलेलं. घरात पोवारी बोलायचो, बाजारात हिंदी. मोकळा वाघ मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, तोही झोपलेला. पण हे पुण्याकडच्या माणसाला कोण सांगणार? "अगं, तुमचीच माणसं ना ती," असं म्हणून ते मला पुढे करायचे आणि स्वतः जीपमध्ये बसून राहायचे.

त्या उन्हाळ्यात तिरोड्याकडच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईला वाघाने मारलं. चावलेल्या जागी वाघाची लाळ राहते. ती कापसाच्या बोळ्यावर टिपून प्रयोगशाळेत पाठवली, की मारणारा वाघ कोणता ते ओळखता येतं. मात्र प्रेत धुण्याआधी आणि डॉक्टरांनी चिरण्याआधी ती घ्यावी लागते. पुरुषांनी हात लावलेला घरच्यांना चालणार नव्हता, म्हणून मला पाठवलं. दोन वर्षांच्या अभ्यासात माणसाच्या प्रेताबद्दल आम्हाला एक ओळही शिकवली नव्हती.

दवाखान्याच्या मागच्या खोलीच्या दाराशी तिचा नवरा बसला होता. वय साठीच्या आसपास, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं. मला पाहून तो उठला आणि दारात आडवा झाला.

"तू कोन?"

"जनावरांची डॉक्टर आहे, काकाजी."

"माही बायको का जनावर होय? जनावराची डॉक्टरीन कायले पाठवली?"

मी खाली बसले. लाळेवरून काय कळतं ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग विचारलं, "कोन्या वाघानं मारलं, ते मले सांगशील?"

"सांगेन."

"साहेब लोक नाही सांगत. तू सांगशील?"

"मी स्वतः येऊन सांगेन, काकाजी."

तो दारातून बाजूला झाला. आत मी जे पाहिलं ते लिहिणार नाही. बोळा जखमेत फिरवताना मी त्या बाईची मनातल्या मनात माफी मागत होते, एवढंच.

पुढच्या आठवड्यात त्याच जंगलात पिंजरा लागला आणि एक वाघीण अडकली. तिला बेशुद्ध केल्यावर तिचं रक्त काढायला मीच होते. बाहेर ही गर्दी. पुढारी आले, त्यांनी पिंजऱ्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतले. 'नरभक्षक पकडली' असं सगळ्यांनी जाहीर करून टाकलं. लाळेचा निकाल अजून यायचा होता, पण त्याची वाट पाहायला कुणाला वेळ होता? गाव निश्चिंत झालं आणि बायका पुन्हा मोहाखाली जाऊ लागल्या.

मोहाचा हंगाम संपून तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, तोडायचे दिवस आले तेव्हा निकाल लागला. सरांनी मला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. जखमेतली लाळ नराची निघाली होती. पिंजऱ्यात मादी.

"म्हणजे तो वाघ अजून तिथेच आहे, सर."

"असेल. किंवा गेला असेल लांब."

"गावाला सांगायला हवं."

"अगं, वरच्या साहेबांनी काय सांगितलंय माहीत आहे? वाघीण आता सोडता येणार नाही, लोक जीप जाळतील. दुसरा पिंजरा ते गुपचूप लावतीलच कधीतरी. आपण कशाला मध्ये पडायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची." मग म्हणाले, "तुझ्या प्रबंधावर माझी सही व्हायचीय अजून."

वड्याचं तेल वांग्यावर काढायचं आणि वर वांग्यालाच जन्मठेप द्यायची, याला आमच्यात वन्यजीव व्यवस्थापन म्हणतात. मला त्या माणसाची किळस आली. त्याहून जास्त या गोष्टीची आली, की घरी जाऊन मी खरोखरच दोन दिवस सहीचा विचार केला. वडिलांनी चारचौघांत सांगून ठेवलं होतं, पोरगी वाघाची डॉक्टर होणार.

तिसऱ्या दिवशी मी बसने त्या गावाला गेले.

त्या बाईचा नवरा ओसरीवर बसून तेंदूच्या पानांचे पुडे बांधत होता. मला त्याने ओळखलं, बाज पुढे सरकवली. मी सगळं सांगितलं: पकडली ती वाघीण वेगळी, मारणारा नर, तो मोकळाच आहे. त्याने हातातला पुडा बांधून पूर्ण केला आणि ढिगावर ठेवला.

"दुसऱ्या कोनाले सांगतलं?"

"नाही. आधी तुम्हाला. आता सरपंचांना सांगते."

"नोको सांगू."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "काकाजी, तुमच्या घरचंही कुणी जातं ना पत्ता तोडायला?"

"सून जाऊन राहिली. जाईलच. दोन हप्त्याचा पत्ता, त्याच्यावर अर्धा साल निघते. तू सांगतलं म्हनून काय घरी बसतील लोक?"

"निदान सावध तरी राहतील."

"पानं तोडताना मान खाली राहते, बाई. सावध कायचे राहतील?" त्याचा आवाज चढला नव्हता. "आमी पयले बी जात होतो, आता बी जाऊ. वाघ बी तोच, जंगल बी तेच. इतके दिवस बिनभेवानं जाऊन राहिले होते. तू तेवढं भेव आनून देलं."

"पण तुम्हीच म्हणाला होता, सांग म्हणून."

"म्हनलो होतो." त्याने दुसरा पुडा घेतला. "सुनेसंग उद्यापासून मी जातो. त्याच्यावर मी काय करू, तू सांग."

लसी, रक्त, लाळ, कुत्र्यांचे आजार, सगळं शिकले होते, हे सोडून. मला रडू येत होतं, ते त्याच्यासमोर यायला नको म्हणून मी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिले.

परसातून सून पाण्याचा गडवा घेऊन आली. पंचविशीची असेल, बोटं पानांच्या चिकाने काळी पडलेली. मी कोण ते तिला समजलं, तेव्हा तिने पाणी माझ्या हातात दिलं आणि ती समोर उकिडवी बसली.

"ते वाघीन पिंजऱ्यातच हाये न, ताई? सोडत त नाही न तिले?"

म्हाताऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"पिंजऱ्यातच आहे," मी म्हणाले. "नाही सोडत."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि सासऱ्याजवळचा ढीग ओढून तीही पुडे बांधायला लागली.