दादाची बुटकी मोटार

आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी, आणि मोटार घेतलेला पहिला माणूस माझा थोरला भाऊ. माझ्या कॉलेजचं कौतुक आठवड्यात ओसरलं. मोटारीचं ओसरायला जरा जास्त वेळ लागला.

रेवदंड्यात तेव्हा मोटार म्हणजे एस.टी. दादा मुंबईला एका शेठची गाडी चालवायचा. नुसता ड्रायव्हर म्हणून त्याला मुलीकडच्यांचे नकार आले होते. तेव्हा मालकच व्हावं म्हणून त्याने पगार साठवून एक जुनी मोटार आणली. आधीच्या मालकाने तिच्यातून मासळीच्या टोपल्या वाहिल्या होत्या आणि त्यासाठी स्प्रिंगचे जादा पाटे घालून तिची मागची बाजू चांगली उंच करून घेतली होती. त्याच सुमारास थळची एक मुलगी सांगून आली. ती दादाच्या मनात फार भरली होती. तिचे वडील होड्यांचे मालक. त्यांनी निरोप धाडला, की गाडी माणसांची आहे की मासळीची हे आम्ही येऊन बघू, मग सुपारी फोडू.

दादाच्या शेठची गाडी रस्त्याला टेकल्यासारखी चालायची. त्यावरून गाडी जितकी खाली, तितका मालक वर, असं दादाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. गाडी खाली आणायची, तर मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची चळत असते, तिच्यातले काही पाटे काढायचे. किती काढायचे, ते त्याने मला विचारलं. मी चाचरत म्हणालो, की आमच्या पुस्तकात स्प्रिंगला वजन टांगलेलं आहे, मोटार नाही.

"कालेजात ह्ये न्हाय शिकवत, मंग शिकवतात तरी काय?" बाबा म्हणाले.

ते मी अजून शोधतो आहे.

जॅक कुणाकडेच नव्हता. होडी किनाऱ्यावर ओढायला आळी जमते, तशी आळी जमली. माणसांनी आरोळ्या देत मोटारीचं बूड उचललं आणि ओंडक्यांवर ठेवलं. दादाने खाली शिरून डोळ्यांना बरं दिसेल इतके पाटे काढले. खाली उतरवल्यावर गाडी अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखी दिसायला लागली. दादाला मात्र तिच्यात शेठ दिसत होता.

दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिलं तर ती डावीकडे कलली होती. डाव्या बाजूला एक पाटा परत घालावा म्हणून दादा शोधायला लागला, पण पाटे जाग्यावर नव्हते. मोटारीच्या पाट्याचा कोयता झकास होतो, हे किनाऱ्यावर कोणालाही ठाऊक आहे. आईने ते सकाळीच लोहाराकडे पोचवले होते. मोठा घोळ मासा कापायला तिला कधीपासून तसा कोयता हवा होता. दादा चिडला. ती शांतपणे म्हणाली, "तूच काढून टाकलंस ना? गंजाया ठेवू काय?"

मार्ग बाबांनी काढला. उभा जन्म होडीत गेलेला माणूस. होडी एका बाजूला कलली की दुसऱ्या बाजूला दगड भरायचे. त्यांनी मोटारीच्या डिकीत उजवीकडे दगड रचले, मागे जाऊन एक डोळा मिटून पाहिलं, आणखी दोन ठेवले. मोटार सरळ झाली. अर्थात आणखी खाली गेली. त्याने दादा उलट खूशच झाला.

थळची मंडळी एस.टी.ने येऊन फाट्यावर उतरली. सुपारी फोडायला एकटादुकटा येत नाही. मुलीचा बाप, चुलते, मामा, आणि ज्यांना न आणल्यास रुसतील असे तीन म्हातारे. त्यातल्या कुणालाही पायी आणणं म्हणजे अपमान, म्हणून दादाने सगळ्यांना गाडीत कोंबलं. मला बाहेर दाराखालच्या फळीवर उभं केलं. गाडी कण्हत निघाली आणि गावाबाहेरच्या दगडी मोरीच्या उंचवट्यावर पोटावर बसली. चाकं फिरत होती, गाडी जात नव्हती.

सगळे उतरले, तशी ती सुटली. पुढचा रस्ताही तसाच खाचखळग्यांचा, परत बसवायची सोय नव्हती. त्यामुळे गावाने जे पाहिलं ते असं: पुढे रिकामी मोटार, सुकाणूवर ताठ बसलेला दादा, आणि मागे धुळीत चालणारी, कोऱ्या टोप्या घातलेली पाहुणेमंडळी. माणसांची गाडी आहे हे सिद्ध करायला आणलेल्या गाडीत माणूसच नव्हता.

अंगणात मुलीच्या बापाने चहाला हात लावला नाही. सरळ डिकी उघडायला सांगितली. दादाचा चेहरा उतरला.

मुलीच्या बापाने वाकून एक दगड हलवून पाहिला. मग विचारलं, "ह्ये कोणी भरलं?"

"मीच," बाबा म्हणाले.

"इतकं मागं? होडीत भरता व्हय असं?"

बाबांना हे लागलं. त्यांनी होडीतलं सांगितलं, त्याने त्याचं सांगितलं, आणि दोघं वाकून दगड पुढेमागे करायला लागले. दादा बाजूला उभा. त्याला कोणी काही विचारलं नाही. चहाचा दुसरा कप आला तोवर दोन्ही बाप एकमेकांना "अरे" म्हणत होते, आणि मामांनी सुपारी मागवली.

सुपारी फोडायच्या आधी मुलीच्या बापाने एकच अट घातली.

"पोरगी होडीनं यील. या गाडीनं न्हाय."

ते वाक्य संपायच्या आत दादाने मान हलवली होती.