वांगी रंगाची गाडी

आमच्या घरी मोटार होती आणि तिचा रंग वांगी होता. खानदेशात असं सांगितलं की कुणाला शंका येत नाही. आमची भरताची वांगी हिरवी, फिकट, पोपटीकडे झुकणारी. गाडी कंपनीतून आली तेव्हा अगदी तशीच होती. माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्नानंतर याच गाडीतून जळगावहून धुळ्याला सासरी गेली.

लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना. गाडी केळीच्या वखारीत पडून राहिली, रंगाचे पोपडे निघाले. लढाई संपली आणि अक्का बाळंतपणानंतर तापाने अंथरुणाला खिळली. आमचे वडील, आबा, तिला बघून आले. "आबा, माले आपली गाडीमा लई जा," मला आपल्या गाडीतून घेऊन जा, एवढंच ती म्हणाली होती.

झालं! आबांनी "आपली गाडी" हे शब्द धरून ठेवले. पोपडे निघालेली गाडी आपली कशी? मुलगी सासरहून निघेल तर कंपनीच्या रंगातल्या गाडीतूनच. आई म्हणाली, "आधी पोरीला आणा, रंगाचं मग बघा." पण आबांपुढे कुणाचं चाललंय!

कापसाचे एक दलाल मुंबईला निघाले होते. त्यांना आबांनी बजावून सांगितलं, वांगी रंग आणा. डबा आला, रंगाऱ्याने झाकण उचकटलं, तर आत गर्द जांभळा रंग! मुंबईकरांची वांगी जांभळी असतात हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आम्ही पोट धरून हसलो. तिकडे अक्का वाट बघत होती आणि आम्ही हसत होतो.

मग आबांनी मागची बैठक उचकटली. तिच्याखाली ऊन न लागलेला मूळचा रंग शाबूत होता. तिथला टवका पुडीत बांधून मुंबईला गेला. या खेपेला रंग हुबेहूब आला. एक हात दिला, वाळू दिला, दुसरा दिला. आबा रोज बोट लावून बघायचे. कामात खोट काढायला जागाच नव्हती, आणि त्याचाच मला आजही राग येतो.

शेवटचा हात वाळत असतानाच धुळ्याहून तार आली. आम्ही त्याच गाडीतून गेलो. रस्ताभर धूळ ओल्या रंगाला चिकटत होती. पोचलो तेव्हा अक्काला बाहेर आणून ठेवलं होतं.

तिच्या सासूबाई गाडीकडे बघतच राहिल्या. मग रडत म्हणाल्या, "आबा, तुम्ही बैलगाडी जरी आणली असती, तरी ती बसली असती हो."

आबांनी मान खाली घातली.

"रंग ओला व्हता," ते म्हणाले.