डाव्या पायाची शिवण

मास्तरांनी स्वतःच्या पँटची डावी शिवण पहिल्यांदा उसवली, तेव्हा त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पोटरीपाशी पँट आवळत होती, आणि आवळणारी पँट सैल करून देणं हाच तर त्यांचा तीस वर्षांचा धंदा. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. टेबलाच्या आडोशाला कंबरेभोवती अस्तराचं कापड गुंडाळून ते बसले, शिवण पाव इंच सोडली, नवी टीप मारली, पँट चढवली आणि पुढच्या कामाला हात घातला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच केलं. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखतात त्याला टेलर लोक माया म्हणतात; तीही या दुसऱ्या खेपेला संपली. तिसऱ्यांदा पँट आवळायला लागली तेव्हा सोडायला काही उरलंच नव्हतं, आणि मग कुठे मास्तरांच्या टाळक्यात उजेड पडला की दोष पँटचा नसावा.

बुधवारी सकाळी ते दवाखान्यात जाऊन बसले. डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या भाचीएवढ्या. त्यांनी पोटरी दाबून पाहिली, दुखतं का विचारलं, मग ड्रॉवरमधून प्लास्टिकचा टेप काढून दोन्ही पोटऱ्यांना लावला. मास्तरांना राहवलं नाही.

"टेप तिरपा जातोय, डॉक्टर. तिरपा गेला की माप फुगतं. द्या इकडे."

त्या हसल्या आणि टेप त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी वाकून आधी उजवी पोटरी मोजली, मग डावी. हा सगळा तिरप्या टेपचा घोटाळा निघावा असं त्यांना मनातून फार वाटत होतं. टेप जरा खेचून धरला असता तर अर्धा इंच सहज गिळता आला असता. पण गिऱ्हाइकाचं माप कधी चोरलं नव्हतं, आता स्वतःचं चोरायला बोटं तयार होईनात. सरळ टेपनेही डावी पोटरी सव्वा इंचाने जास्तच भरली.

हे कधीपासून, असं बाईंनी विचारलं. तारीख काही मास्तरांना सांगता येईना. मग त्यांनी पँटचा डावा पाय खालून उलटा करून दाखवला. आत सुईच्या भोकांच्या दोन जुन्या रेघा होत्या, एकीशेजारी एक. पहिली महिन्यापूर्वी उसवलेली, शाळेच्या युनिफॉर्मचं काम संपलं त्या आठवड्यात. दुसरी पंधरा दिवसांपूर्वी.

बाईंनी त्या रेघांवरून बोट फिरवलं.

"काका, पाय सुजला म्हणून तुम्ही पँट दुरुस्त केलीत?"

मास्तर म्हणाले, हो. दुसरं काय म्हणणार.

पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाली असावी, बाईंनी सांगितलं. शंका आहे, खात्री नाही. रक्त काढून घेतलं, पोटात एक इंजेक्शन टोचलं. खरं-खोटं सोनोग्राफीत कळणार होतं आणि दोन गल्ल्या पलीकडच्या सेंटरवर साडेचारची वेळ मिळाली. तोवर पाय चोळायचा नाही, तेल नाही, शेक नाही, उगाच वणवण नाही. दम लागला किंवा छातीत दुखलं तर साडेचारची वाट न बघता सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं. आणि येताना कुणाला तरी बरोबर आणायचं. घरी कोण कोण असतं?

"असतात की," मास्तर म्हणाले.

घरी कोणी नव्हतं. लग्न राहून गेलं होतं. कुणी मोडता घातला नाही की कुणी नकार दिला नाही. ताईचं लग्न झालं, मग आई अंथरुणाला खिळली, आई गेल्यावर आरशात बघितलं तर कानावरचे केस पांढरे. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती, तिच्यात एक खाट आणि दोन खुर्च्या. एका खुर्चीवर ते बसत, दुसरीवर कपडे बसत.

पावणेअकरा वाजले होते. वर जाऊन छताकडे बघत पडण्यापेक्षा दुकानात बसलेलं बरं, असा विचार करून त्यांनी शटर उघडलं.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, उंच माणसाने मान वाकवून आत यावं अशी. रेडीमेडचा जमाना आल्यापासून मास्तर नवा कपडा शिवत नसत, नुसतं अल्टरेशन. लांब ते आखूड, सैल ते घट्ट, घट्ट ते सैल. वर्षापूर्वी त्यांनी मशीनला मोटर बसवून घेतली होती आणि माझ्या पायांना पेन्शन लागली म्हणून गल्लीभर सांगत सुटले होते. तेव्हापासून दहा-दहा तास पाय टेबलाखाली लाकडाच्या ओंडक्यासारखे पडून असायचे. हे सकाळी बाईंना सांगताना त्यांना थोडी लाजच वाटली होती.

आज मशीनवर बसायचं नाही असं ठरवून त्यांनी डावा पाय स्टुलावर ठेवला आणि हाताची कामं पुढ्यात ओढली. हूक, बटणं, काजं. सुईत दोरा ओवताना मास्तर श्वास धरत; कुठलाही टेलर धरतो. आज दोरा ओवून झाल्यावर त्यांनी श्वास सोडला आणि तो नीट सुटला का, याकडे कान देऊन बसले. नीट सुटला. दुसरी सुई घेतली. तीही ओवली, श्वास धरला, सोडला. ठीक होता. काम एका सुईचं होतं, पण साडेबारापर्यंत उशीवर अकरा ओवलेल्या सुया उभ्या राहिल्या, पांढऱ्या, काळ्या, खाकी. बारावीच्या वेळी जरा अडल्यासारखं वाटलं. छातीत काहीतरी टोचलं. मास्तर सुई हातात धरून पुतळ्यासारखे बसले. मग लक्षात आलं, की सकाळपासून पोटात काही नाही, ही ढेकर आहे.

भिंतीपलीकडे किल्लीवाला बसायचा. त्याच्या गळ्याला आवाज कमी करायचं बटण नव्हतं.

"मास्तर, आज मशीन का रुसलीय? माहेरी गेली का?"

मोटर तापलीय, थंड होऊ दिलीय, मास्तर म्हणाले. किल्लीवाला कानस हातात घेऊनच आत डोकावला. स्टुलावरचा पाय बघितला. क्षणभर मास्तरांना वाटलं, आता हा विचारणार, आणि विचारलं तर सांगून टाकू. किल्लीवाल्याने विचारलंही, पायाला काय झालं म्हणून. पण उत्तराला जागा न ठेवता तो स्वतःच्या गुडघ्यावर घसरला. गुडघा कसा कटकट वाजतो, कुठल्या हाडवैद्याने काय सांगितलं, बायको कशी म्हणते की तुमचा गुडघा दाराच्या कडीपेक्षा मोठ्याने वाजतो. मास्तर योग्य त्या ठिकाणी हं-हं करत राहिले. गिऱ्हाईक आलं म्हणून तो उठून गेला, आणि सांगायचं ते मास्तरांच्या तोंडात तसंच राहिलं.

दीडच्या सुमाराला चष्म्याच्या दुकानातले गृहस्थ आले. हातात तीच करडी पँट. चार महिन्यांत ती तिसऱ्यांदा येत होती, दर खेपेला कमरेत आत घ्यायला. मास्तरांनी टेबलाच्या आडोशाला ती चढवायला लावली आणि त्यांना उभं करून कमरेचा पट्टा धरला. चिमटीत चांगला दीड इंच आला. समोरच्या माणसाला तुम्ही वाळलात असं मास्तरांनी जन्मात म्हटलं नव्हतं. कुणाची कंबर कशाने वाढते, कुणाचे खांदे कशाने उतरतात हे टेपला आधी कळतं, पण टेपने बोलायचं नसतं. ते नेहमीसारखं म्हणाले, या कंपनीचं कापड धुतलं की सैल पडतं. गृहस्थही नेहमीसारखं म्हणाले, हो ना, कापडातच दम नाही.

टाचण्या लावता लावता मास्तरांच्या मनात आलं, या माणसाला ठाऊक असणार. टेस्ट आणि रिपोर्ट यांच्यामधले तास कुठे घालायचे, ते याला ठाऊक असणार. त्या तासांत माणूस जेवतो का. कुणाला फोन करतो का. हात कशात गुंतवतो. विचारायला त्यांनी मान वर केली. गृहस्थ भिंतीवरच्या दोऱ्यांच्या रिळांकडे बघत होते, फार लक्षपूर्वक, मोजत असल्यासारखे.

"शुक्रवारी न्या," मास्तर म्हणाले.

ते गेल्यावर दुकानात कुणी आलं नाही. तीन वाजले. सव्वातीन. मास्तरांनी ती करडी पँट उगाचच दोनदा घडी केली.

गाठ या शब्दाशी त्यांची जुनी ओळख होती. नऊ वर्षांपूर्वी ताईचे यजमान, म्हणजे भावोजी, असेच गेले. पाय दुखतोय म्हणाले, लचकलाय म्हणाले, आणि पाचव्या दिवशी सकाळी दात घासता घासता बेसिनपाशी कोसळले. पायातली गाठ फुफ्फुसात गेली होती. ताई सहा तासांच्या वाटेवर राहायची. दर रविवारी अकरा वाजता मास्तर तिला फोन करत आणि मजेत आहे म्हणत. तीही मजेत आहे म्हणायची. नऊ वर्षांत दोघांच्या मजेत खंड पडला नव्हता. तिला आज हे सांगणं म्हणजे ते बेसिन पुन्हा तिच्यापुढे नेऊन ठेवणं. काही निघालं नाही तर उगाच घाबरवलं असं होईल, आणि निघालंच तर बघू. सकाळपासून त्यांचं हेच चाललं होतं.

सेंटरवर ते चारलाच पोचले. भिंतीला लागून खुर्च्यांची रांग, प्रत्येक माणसाजवळ आणखी एक माणूस. कुणाची पिशवी कुणाच्या मांडीवर, कुणाची फाईल कुणाच्या बगलेत. मास्तरांनी स्वतःची फाईल शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिला. नाव, वय, पत्ता झाला. खाली रकाना होता: सोबत आलेल्या नातेवाइकाचं नाव, नातं, फोन. तो रिकामा ठेवून त्यांनी फॉर्म परत केला. मुलीने तो तसाच फिरवून त्यांच्यापुढे सरकवला. कुणाचंही लिहा काका, ती म्हणाली, पण लिहायला लागतं.

कुणाचंही लिहायचं म्हटलं तरी मास्तरांना एकच नंबर पाठ होता. ते बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले आणि फोन लावला.

"आज रविवार नाही," ताई म्हणाली. "काय झालं?"

मास्तरांनी हवापाण्याची चौकशी केली. तिचे डोळ्यांचे थेंब संपले का, विचारलं.

"छोट्या," ताई म्हणाली. छप्पन्न वर्षांच्या माणसाला ही हाक मारणारं जगात आता एकच तोंड उरलं होतं. "काय झालं?"

त्यांनी सांगितलं. पाय सुजलाय, डॉक्टरने एक टेस्ट सांगितलीय, आता अर्ध्या तासात आहे. गाठ हा शब्द त्यांनी उंबरठ्यावरची चप्पल ओलांडावी तसा ओलांडला. पण ताईला चप्पल दिसली.

"कुठला पाय?"

"डावा."

"त्यांचा उजवा होता," ती म्हणाली. पायरीवरून माणसं वर-खाली जात होती. मास्तर कठड्याला टेकले.

मग ती बोलायला लागली, अगदी सावकाश. "पाच दिवस मला लचकलाय म्हणून सांगत होते. मी रडले ते सगळ्यांनी बघितलं. त्यांचा मला राग किती आला, ते कुणाला सांगणार होते मी? अजून येतो. भाजी निवडता निवडता येतो." थोडं थांबून तिने विचारलं, "तू किती दिवस दडवलंस?"

महिना झाला असेल, मास्तर म्हणाले.

"गाढव आहेस," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. माझं नाव लिही, तिने सांगितलं, नात्यात बहीण लिही. आणि फोन बंद करायचा नाही. मास्तर म्हणाले, अगं, आत पँट काढायला लावतात. मग मी काय बघायला येतेय का, ताई म्हणाली, खिशात असू दे चालू.

आतली खोली अंधारी आणि गार होती. मास्तरांनी सेंटरवाल्यांचा बिनबाह्यांचा झगा चढवला आणि पँट खुंटीला टांगली. खिशात ताई होती. ते उताणे पडले. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी पायावर थंडगार जेली फासली आणि मांडीपासून सुरुवात केली. शीर दाबली की चपटी झाली पाहिजे, त्यांनी समजावलं. झाली म्हणजे आत काही नाही. ते दाबायचे, पडद्यावर एक काळा गोल मिटायचा. थोडं खाली. दाबलं, मिटला. आणखी खाली. मिटला. मास्तरांचे डोळे त्या गोलावर खिळले होते, श्वास सुईत दोरा ओवताना धरावा तसा धरलेला. गुडघ्यामागे डॉक्टरांचा हात आला, दाबला, आणि थांबला. पुन्हा दाबला. कापड तपासताना खोट लागली की हात कसा थांबतो, ते मास्तरांना कुणी सांगायला नको होतं. या वेळी गोल मिटला नाही.

जेली पुसता पुसता डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्यामागच्या शिरेत गाठ आहे. वर मांडीत सरकलेली नाही, वेळेवर आलात. रिपोर्ट घेऊन आत्ताच तुमच्या डॉक्टरांकडे जा, तीन महिने तरी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालतील, मला वाटतं तुमच्या डॉक्टर ही गोळी लिहून देतील, असं म्हणत त्यांनी कागदावर तिचं नाव टिपलं. चिठ्ठीत टेलर लिहिलंय, काम सुईचं आहे ना, मग जपून, टोचलं तर रक्त लवकर थांबणार नाही. मग सवयीने त्यांनी दाराकडे बघितलं. "बरोबर कोण आलंय? त्यांनाही समजावून सांगतो."

"मीच सांगतो," मास्तर म्हणाले.

डॉक्टर पुढच्या पेशंटची फाईल बघायला बाहेर गेले. मास्तर पलंगावरून उतरले, झग्याची मागची बाजू एका हाताने आवळून धरत खुंटीपाशी गेले आणि पँटच्या खिशातून फोन काढला.

"ऐकू आलं का?"

"काही नाही. नुसती खरखर. सांग."

"गाठ आहे," मास्तर म्हणाले.

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"थांब," ताई म्हणाली, "चष्मा घेते. हं. गोळीचं नाव सांग. सावकाश."

मास्तरांनी कागद खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात धरला आणि एकेक अक्षर सांगायला सुरुवात केली. चौथ्या अक्षराला ताईचं काहीतरी चुकलं. खोडू नकोस, त्यांनी सांगितलं, नवी ओळ घे, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.