खळग्याची पातळी

नवरा जेवणाच्या टेबलावर काच ठेवून, तिच्यावर ओला पॉलिश पेपर पसरून, कॉम्प्युटरच्या हीटसिंकचा तांब्याचा तळ घासत होता. तळ सपाट झाला की प्रोसेसरला नीट टेकतो आणि त्याची उष्णता ओढून घेतो, म्हणे. मध्येच तो माझ्याकडून मार्कर घेई, तळावर रेघा ओढून परत देई आणि पुन्हा घासू लागे.

"मधली रेघ जात नाहीये," मी म्हटलं.

"तिथे खळगा आहे. पेपर पोचत नाही."

"मग तो भरायचा का?"

"खळगा कुठे भरतात! आजूबाजूचं घासून त्याच्याइतकं खाली आणायचं."

सोफ्यावरच्या सासूबाई कौतुकाने हसल्या. त्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. लेकाला सूर नाही, म्हणून माझं गाणं बंद झालं. त्याला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून मी गप्प बसते. असं घासून घासून गुळगुळीत झालेल्या बाईला लोक समंजस म्हणतात.

"झालं बघ!" त्याने तळ उचलून धरला. आरशासारख्या तांब्यात आम्ही तिघंही दिसलो. रेघ ओढली, तर ती कुणाच्या चेहऱ्यावर तशीच राहील, हे मला ठाऊक होतं. मार्कर माझ्याच हातात होता.