चौथ्या कप्प्यातला रिझल्ट

"मॅडम, तुमचा रिपोर्ट म्हणते आमच्या होस्टेलात एकच पोरगी आजारी हाय," कौसल्या सिस्टर फोनवर म्हणाल्या. "मी माझ्या डोळ्यांनी सात-आठ बघितल्या. त्या कुठं गेल्या?"

मी तेव्हा लातूरच्या ऑफिसात होते. सिस्टर किनवट तालुक्यातल्या एका मुलींच्या होस्टेलात तपासणीचं काम बघत. मी त्यांना म्हणाले, सिस्टर, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय, मशीन चुकत नाही. चौदा वर्षं प्रोग्रॅमिंग केल्यावर माणसाला असं बोलायची सवय लागते. आज ते वाक्य आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

आमची कंपनी लहान. अप्पा मालक, आम्ही चौघं कामाला. अप्पांचे वडील आडत दुकानदार, पण अप्पांना मशीनचा नाद. आम्ही हातात मावेल असं एक मशीन बनवलं होतं. सिकलसेलच्या तपासणीत मुलीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतात, तो पट्टीवर टाकतात आणि पट्टीवरची रेघ बघून निकाल कळतो. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. आईबापाकडून येणारा आजार. अशा मुलीला उन्हात राबवायचं नाही, पाणी भरपूर पाजायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत. जंगलातल्या गावांत रेंज नसते, म्हणून सिस्टरने निकाल मशीनमध्ये टाकायचा, मशीनने तो मेमरी कार्डवर ठेवायचा आणि आम्ही लातुरात ते कार्ड उघडून रिपोर्ट काढायचा. मुलींना निकाल त्या रिपोर्टवरूनच सांगायचा.

आधी सिस्टर सगळं रजिस्टरमध्ये लिहायच्या. मीच त्यांना सांगितलं होतं, सिस्टर, आता रजिस्टरमध्ये फक्त नाव आणि नंबर ठेवा, निकाल मशीन सांभाळेल. दोनदा लिहायचा ताप कशाला घेता?

फोन ठेवला आणि केवळ सिस्टरची समजूत घालायची म्हणून ऑफिसातलं मशीन चालू केलं. एक खोटी नोंद भरली. निकाल पॉझिटिव्ह टाकला. स्क्रीनवर लाल अक्षरात पॉझिटिव्ह आलं. मग कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. तिथे त्याच नोंदीपुढे निगेटिव्ह होतं.

परत केलं. परत तेच.

झालं काय होतं, ते साध्या शब्दांत सांगते. मशीन चालू असताना मुलीची नोंद मेमरीत असते. मशीन बंद केलं की मेमरी पुसली जाते. म्हणून नोंदीतली एकेक गोष्ट उचलून, ठरलेल्या क्रमाने ओळीत लावून कार्डवर उतरवायची. याला आमच्याकडे सिरियलायझेशन म्हणतात. नोंदीत काय काय आहे आणि कोणत्या क्रमाने आहे, हे एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं, ती हेडर. प्रत्यक्ष काम करणारा कोड असतो तो सोर्स फाइलमध्ये. आमची स्क्रीनची सोर्स फाइल वेगळी, कार्डवर लिहिण्याची वेगळी. दोघी एकच हेडर वाचतात. हेडर म्हणजे फडताळाच्या कप्प्यांची यादी समजा. पहिल्यात नंबर, दुसऱ्यात वय, तिसऱ्यात गाव, चौथ्यात रिझल्ट.

दसऱ्याच्या आधी सिस्टरनेच एक मागणी केली होती. मुलीला पूर्वी कधी रक्त चढवलंय का, तेही मशीनने विचारावं. कारण असं रक्त अंगात असेल तर निकाल जपून वाचावा लागतो. मागणी रास्त होती. मी हेडर उघडली आणि हा नवा प्रश्न चौथ्या कप्प्यात बसवला. रिझल्ट पाचव्यात गेला. शेवटी टाकला असता तरी चाललं असतं, पण वाचायला तसा क्रम बरा दिसत होता.

हेडर बदलली की ती वाचणारी प्रत्येक सोर्स फाइल परत बनवावी लागते, म्हणजे तिच्यातला कोड मशीनला कळेल अशा रूपात पुन्हा उतरवावा लागतो. कोणती फाइल कोणती हेडर वाचते याची यादी नीट ठेवली असेल तर हे आपोआप होतं. आमची यादी हाताने लिहिलेली होती आणि अर्धवट होती. त्यामुळे पक्कं काम करायचं तर सगळंच परत बनवायला लागे. आमच्या जुन्या बिल्ड मशीनवर, म्हणजे हे काम करणाऱ्या कॉम्प्युटरवर, त्याला पाऊण तास लागायचा. म्हणून आम्हा सगळ्यांना सवय लागली होती, ज्या फाइलला हात लावला तेवढीच बनवायची.

त्या दिवशी अष्टमी होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. अप्पांच्या घरी पिढ्यानपिढ्या तराजूची पूजा व्हायची, इथे कॉम्प्युटरची होते. अष्टमीच्या सांजेला सगळी यंत्रं बंद करायची, पुसायची, वरून कापड झाकायचं. मग दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. आणि मशीनं तर खंडेनवमीच्या सकाळच्या गाडीने किनवटला निघायची होती. अप्पा हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात उभे होते. मी स्क्रीनची फाइल तेवढी बनवली, जोडली आणि मशीनमध्ये भरली. कार्डवर लिहिणारी फाइल जुनीच राहिली.

म्हणजे स्क्रीन पाच कप्पे भरत होती आणि कार्डवाली चारच कप्पे उचलत होती. चौथ्या कप्प्यात तिला जे मिळालं ते तिने रिझल्ट म्हणून लिहिलं. ते होतं, रक्त चढवलंय का याचं उत्तर. जवळजवळ सगळ्या मुलींचं उत्तर नाही होतं, म्हणजे शून्य, आणि रिझल्टच्या जागी शून्य म्हणजे निगेटिव्ह. खरा निकाल पाचव्या कप्प्यात राहिला आणि मशीन बंद झालं तसा पुसला गेला. तो कार्डवर कधी आलाच नाही.

तुम्ही विचाराल, टेस्ट केली नव्हती का? केली होती. माझं वय टाकलं, कंधार माझं गाव, ते टाकलं, रक्त कधी चढवलं नाही, निकाल निगेटिव्ह. कार्डवरून सगळं बरोबर परत आलं. दोन्ही ठिकाणी शून्य असल्यावर ते बरोबरच येणार.

आणि रिपोर्टही माझ्याच हातून गेला होता. एवढ्या मोठ्या होस्टेलात एकच पॉझिटिव्ह बघून मला बरं वाटलं होतं.

मी अप्पांकडे गेले. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, मी झाकायची घाई केली म्हणून झालं का हे? मी नाही म्हणाले, पण ते खाली बघत राहिले.

"पाऊण तास मागितला असतास तर देवी काय रागावणार होती का?" ते म्हणाले. "तू बोललीच न्हाईस, वैशाली."

मागायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. इतक्या वर्षांत चालून गेलं होतं, तेव्हाही चालेल असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने नांदेड आणि तिथून रेल्वेने किनवट गाठलं. होस्टेल रिकामं होतं. दिवाळीची सुट्टी दोन दिवसांपूर्वीच लागली होती. सिस्टर मधल्या काळात दुसऱ्या शिबिरात होत्या, म्हणून रिपोर्ट त्यांच्या हाती उशिरा पडला होता. ज्या मुली खरोखर आजारी होत्या, त्या आपण ठणठणीत आहोत असं समजून आईबापांबरोबर कापूस वेचायला तेलंगणात गेल्या होत्या. दिवसभर उन्हात. सिस्टरला तिघींचे चेहरे आठवत होते, बाकीच्यांचे नाही. पट्ट्या तेव्हाच टाकून दिलेल्या. ठेवल्या असत्या तरी उपयोग नव्हता, पट्टी दहा मिनिटांच्या आत वाचली तरच खरं सांगते.

रिपोर्टमधली ती एक पॉझिटिव्ह मुलगी म्हणजे रेणुका, नववीतली. तिला लहानपणी डेंग्यूत रक्त चढवलं होतं, म्हणून चौथ्या कप्प्यात तिचा 'हो'चा एक आला होता, आणि रिझल्टच्या जागी एक म्हणजे पॉझिटिव्ह. ती आजारी नव्हतीच. पण रिपोर्ट आल्याबरोबर होस्टेलच्या बाईंनी नियमाप्रमाणे तिच्या वडिलांना बोलावून घेतलं होतं, आणि ते तिचं सामान, पेटी, सगळं घेऊन गेले होते.

सिस्टर आणि मी जीप करून त्यांच्या गावी गेलो. रेणुका अंगणात लहान भावाला आंघोळ घालत होती. तिने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि परत पाणी ओतायला लागली. सिस्टरने तिथेच बसून पुन्हा पट्टी लावली. निगेटिव्ह. मी वडिलांना पट्टी दाखवली. चूक माझी आहे, तुमची मुलगी चांगली आहे, असं हात जोडून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

"दसऱ्याला आजारी म्हणलात, दिवाळीला न्हाई म्हणून राहिल्या," ते म्हणाले. "पोळ्याला काय म्हणाल?"

पोरीला होस्टेलात परत पाठवा म्हणून सिस्टरने खूप समजावलं. लग्नाचं तर काही बघत नाही ना, असंही विचारलं. त्यावर ते उठून गोठ्याकडे गेले. आम्ही निघालो तेव्हा रेणुका दारात आली नाही. जीपमध्ये मी रडले. सिस्टरने मला थांबवलं नाही आणि धीरही दिला नाही, आणि ते बरोबरच होतं.

सुट्टीनंतर सिस्टरने सगळ्या होस्टेलची तपासणी नव्याने केली. तोवर मी कोड नीट लावला होता. नोंद बांधण्याचा आणि उघडण्याचा सगळा कोड एका सोर्स फाइलमध्ये आणला, हेडरमध्ये फक्त यादी ठेवली. प्रत्येक नोंदीपुढे यादीचा आवृत्ती क्रमांक आणि कप्पे किती हेही कार्डवर जायला लागलं. जुळलं नाही तर मशीन काम करायचं नाकारतं. हा सगळा दीड दिवसाचा उद्योग होता. नव्या तपासणीत सहा मुली पॉझिटिव्ह निघाल्या. आणखी दोघी सुट्टीवरून परतल्याच नाहीत, त्यांची तपासणी राहूनच गेली. त्यातली एक सीमेपलीकडच्या दवाखान्यात अंग दुखतंय म्हणून भरती होती, एवढंच सिस्टरच्या कानावर आलं. पुढे पत्ता लागला नाही.

कंपनीत कोणी मला काही म्हणालं नाही. पगारही कापला नाही. शाळेत रेणुकाच्या नावापुढे 'सतत गैरहजर' असा शेरा पडला आणि जूनमध्ये होस्टेलातली तिची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली.

नव्याने कामाला आलेल्यांना मी दोनच गोष्टी सांगते. हेडरला हात लावला की सगळं परत बनवायचं, मग दारात कोणीही ताट घेऊन उभं असो. आणि टेस्ट शून्याने करायची नाही, शून्य कुठल्याही कप्प्यात बसतं. ते विचारतात, मॅडम, एवढं साधं सांगायला लागतं का? लागतं, म्हणते मी, आणि परत पहिल्यापासून सांगते.