बसून खाणारा प्रोग्रॅम

आमच्या मामाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान म्हणजे एक खोली, एक स्टूल आणि स्टुलावर मामा. एखाद वेळी स्टूल हलेल, पण मामा हलायचा नाही. कुठलीही वस्तू हातात आली की त्याचा पहिला सवाल ठरलेला, काम नसताना ही किती खाते? पाहुण्यांनाही तो हीच फूटपट्टी लावायचा, म्हणून नातलग त्याच्याकडं बेतानंच जात.

आई घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं ब्लडप्रेशर आणि साखर तपासणारी नर्स. आधी वहीत लिहायचं, मग दवाखान्यात येऊन तेच कॉम्प्युटरवर उतरवायचं, यात तिची रोजची संध्याकाळ जायची. मामानं एक जुना टॅब उचलला, त्यावर लिनक्स ही जुन्या यंत्रावरही चालणारी फुकटातली सिस्टीम चढवली आणि बहिणीच्या हाती दिला. पण दुपारी बारा वाजले की टॅब मान टाकायचा. डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, शनिवारी धड चालला तर ठीक, नाहीतर सोमवारपासून पुन्हा वही.

मामानं दुखणं हुडकलं. वायफाय सांभाळणारा प्रोग्रॅम भलताच आगाऊ निघाला. रस्त्यानं जाता जाता दर दाराशी डोकावून नेटवर्क आहे का विचारत सुटायचा, त्यातच बॅटरी फस्त. बसून खातंय लेकाचं, म्हणत मामानं तो उपटला आणि जागी दुसरा बसवला, अगदी चिमूटभर. दुकानात टॅब दिवसभर चालला. मामा मिशीला पीळ देत बसला.

गुरुवारी आई आली ती टॅब टेबलावर आपटायच्याच बेतात. नेटवर्क एकदा सुटलं की तो चिमूटभर प्रोग्रॅम रुसून बसायचा. पुन्हा जोडायला काळ्या पडद्यावर दोन ओळींचा हुकूम टाइप करा. आईच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कुणा म्हाताऱ्याचा दंड. ती म्हणाली, "तू स्टुलावर बसून तपासलंस. मी चालते रे दिवसभर."

शुक्रवारी मामा स्टुलावरून उठला. गल्लीतल्या लोकांनी, कुणी गेलं का, म्हणून चौकशी केली. आईमागं अकरा घरं आणि चार जिने. तिसऱ्या जिन्यावर त्याच्याच दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधायची वेळ आली. धापा टाकताना त्याच्या ध्यानात आलं, की बाई घरोघरी नुसतं लिहितेय, पाठवत काहीच नाही.

"मग पाठवतेस कधी, ताई?"

"अकरा वाजता वाचनालयाच्या पायरीवर टेकते तेव्हा, तिथं वायफाय मिळतं, आणि दवाखान्यात पोचल्यावर. दोनदाच."

"हे आधी सांगायचं नाही?"

"तू टॅबला विचारलंस. मला कुठं विचारलंस?"

त्याच संध्याकाळी त्यानं तिसरा प्रोग्रॅम चढवला. चिमूटभरापेक्षा हा दुप्पट जड, पण ओळखीची दोन नेटवर्क पक्की ध्यानात ठेवणारा, आणि पडद्यावरचं बटण दाबेपर्यंत डोळे मिटून पडणारा. मामानं नाक मुरडलं, पण ठेवला तोच.

शनिवारी आई दवाखान्यात पोचली तेव्हा निम्मी बॅटरी शिल्लक होती. डॉक्टरीणबाईंनी वही कपाटात टाकली. आई उजेडी घरी आली आणि चक्क पाय पसरून बसली.

मामा परत स्टुलावर. सोमवारी गिऱ्हाईक रेडिओ घेऊन आलं, तर मामानं रेडिओला हात लावायच्या आधी त्याला विचारलं, "कुठं ठेवून ऐकता हो तुम्ही हा?"